नीट घालजो

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी गॅसवर दूध ठेवून त्याच्याकडे बघत उभी होते. फोन तिच्या भावाचा, पुलगावहून. "ताई, शैलाताई गेली… पहाटे," एवढंच तो बोलू शकला आणि त्याने फोन बायकोच्या हातात दिला. मंगल, म्हणजे शैलाची वहिनी, रडत नव्हती. तिच्यापुढे कामं होती. तिने विचारलं, "ताई, तुमाले काई सांगून ठेवलं होतं का तिनं? तुमच्याशीच बोले ती." सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, "पांढरी साडी नेसवाल ना, तिच्यावर तिचा निळा कोट घाला. तिच्या बॅगेत आहे. नीट घाला." मंगल म्हणाली, "हो ताई, नीट घालतो." तोवर दूध उतू गेलं होतं. मी ओटा पुसला, पर्स घेतली आणि बसस्टँडकडे निघाले.

'नीट घाला.' तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं मी. शब्द जपून वापरा म्हणून किती पोरींच्या वह्या लाल केल्या असतील… आणि ज्या दिवशी एक शब्द खरोखर जपून वापरायचा होता, त्या दिवशी तो तसाच हातातून सुटला. पण तुम्ही शैलाला ओळखत नाही, तेव्हा आधी ती सांगायला हवी.

आमची ओळख झाली तीच मुळी माझ्या आगाऊपणामुळे. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघ्यात आम्ही नवीनच राहायला आलो होतो. भाजी घेताना माझ्या पुढे एक उंच, सावळी बाई उभी होती आणि तिचा कुर्ता उलटा होता. खांद्यावरची शिवण, बगलेची शिवण, सगळी बाहेर. आमचं माहेर कापडदुकानवाल्यांचं. कापडाची उलट-सुलट बाजू मी अक्षरं ओळखायच्या आधी ओळखायला शिकले. मला राहवेना. मी जवळ जाऊन तिच्या कानात म्हटलं, "ताई, कुर्ता उलटा झालाय तुमचा." तिने वांगी निवडणं न थांबवता मोठ्याने उत्तर दिलं, "हो. मले उलटाच लागते." भाजीवालीसुद्धा हसली. मग त्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "तुमी पयल्या नाई. या कोपऱ्यावर रोज एक जण सांगते." आणि मी नीट बघितलं तेव्हा दिसलं, की त्या शिवणी चुकून बाहेर आलेल्या नव्हत्याच. प्रत्येक काठ आत दुमडून जाड लाल दोऱ्याने हाताने तुरपला होता. आमच्या दुकानात आलेल्या कुठल्याही तयार कपड्यावर इतकं बारीक काम मी पाहिलं नव्हतं.

शैला एका सरकारी कचेरीत कारकून होती. लग्न केलं नाही. दोन खोल्या भाड्याच्या. एकीत ती राहायची आणि दुसरीत तिचं शिलाई मशीन राहायचं, असं मी तिला चिडवायचे. वडील पुलगावच्या मिलमध्ये कापड तपासायला होते. तिथून आणलेले तुकडे, ओळखीच्यांच्या फाटक्या चादरी, जुन्या छत्र्यांचं काळं कापड, कोणाच्या आज्याचं धोतर, असं काहीही तिला चालायचं. त्यातून ती कुर्ते, झगे, पिशव्या, लांबलचक कोट करायची. गुंड्यांचे कानातले करायची. ऑफिसलाही तेच घालून जायची. एकदा साहेबांनी तिला बोलावून अतिशय सभ्यपणे विचारलं म्हणे, की घरी काही अडचण आहे का. इस्त्रीवाल्याशी तर तिची वर्षानुवर्षं लढाई चालली. तो भला माणूस दर वेळी कपडा सुलटा करून, घडी घालून आणायचा, वर म्हणायचा, "मॅडम, तुमी घाईघाईत उलटाच देता." ती घरी येऊन पुन्हा उलटा करायची आणि घडी मोडायची. शेवटी तिने स्वतःच इस्त्री विकत घेतली.

मी तिच्याबरोबर बाहेर जायला लाजायचे, हे आज लिहून टाकते. तिने मला एक करडं जाकीट शिवून दिलं होतं, ते मी घरात घालायचे आणि बेल वाजली की काढून ठेवायचे. तिला ते कळत होतं. एकदा बेल वाजल्यावर तिनेच मला म्हटलं, "काढ मास्तरीण, पावणे आले." रागाने नाही, अगदी मदत केल्यासारखं. ते मला जास्त लागलं.

दर वर्षी वाढदिवसाला ती कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 'यंदाची कामं' लिहायची. तीनच. तीही कधी कधी अशी, की आपण वाचून गप्प बसावं. 'कॉलर शिकणे.' 'आईला चष्मा.' 'सायकलवर पवनार.' हे शेवटचं तिने सत्तेचाळिसाव्या वर्षी लिहिलं आणि खरंच केलं. आधी महिनाभर ग्राउंडवर गुडघे फोडून घेतले, मग एका रविवारी तो निळा कोट घालून निघाली. मी मागून बसने गेले, कारण मला सायकल येत नाही आणि यायची इच्छाही नाही. पवनारला नदीच्या पुलावर ती घामाने निथळत, सायकलला टेकून उभी होती आणि शाळकरी पोरांचा एक घोळका तिला सांगत होता, "ओ मॅडम, कोट उलटा हाये!" ती त्यांना म्हणाली, "मले माहीत हाये. पण मी आली ना इथवर?" ती पोरं विचारात पडली. मीसुद्धा.

एका वर्षी कॅलेंडरमागे एकच काम होतं… 'लोकांना दाखवणे.' त्यासाठी तिने दोन वर्षं घेतली. एकवीस कपडे शिवले, वर्ध्यातला एक लहानसा हॉल तीन दिवस मिळवला, दोरीवर सगळे टांगले. प्रदर्शनाचं पत्रक मी लिहिलं. त्यात मी लिहिलं होतं, की हे कपडे दडवलेले श्रम दृश्यमान करतात, वस्त्राच्या आतल्या बाजूला बोलू देतात, आणि असंच बरंच. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "लय भारी हाये. मले समजलं नाई, पण भारी हाये." मी चिडले. "मग तूच सांग ना, काऊन घालते तू उलटं?" ती खांदे उडवून म्हणाली, "मले बरं वाटते." मी ते पत्रकात घातलं नाही. एवढ्याने काय होतं, असं वाटलं मला. पहिल्या दिवशी आलेल्या बायका एकेका कपड्याचा काठ उचलून आत डोकावत होत्या, चांगली बाजू आत असेल म्हणून. तिसऱ्या दिवशी मात्र कॉलेजच्या पोरी आल्या, त्यातल्या चौघींनी ते कपडे तिथेच अंगावर चढवून फोटो काढले, आणि शैला खुर्चीवर बसून नुसती बघत राहिली. संध्याकाळी कपडे उतरवताना ती मला म्हणाली, "झालं माहं काम." त्या दिवशीइतकी सुखी मी तिला कधी पाहिली नाही.

निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हा आजार निघाला. सुरुवातीला ती एकटीच दवाखान्यात जायची, रांगेत बसून हाताने तुरपाई करत बसायची. मग हात थरथरायला लागला. सुई ओवता येईना, तेव्हा भाऊ येऊन तिला पुलगावला घेऊन गेला. एक बॅग कपडे आणि तो कोट, एवढंच सोबत. शेवटचं भेटले ते मार्चअखेर. तिच्या आई शेजारच्या खोलीत झोपल्या होत्या, मंगल बाजारात गेली होती. शैला म्हणाली, "मले पांढऱ्या साडीतच नेतील ते, रीतच हाये आमची. नेऊ दे. पण वरून माहा कोट घालजो. तुले सांगून ठेवतो." मी काहीतरी बोलायला गेले, तसा तिने माझा हात दाबला. "आणि नीट घालजो." मी म्हटलं, "घालीन." तिचं 'नीट' म्हणजे काय हे मला समजलं होतं. या जगात मला एकटीलाच समजलं होतं बहुतेक… म्हणून तर तिने ते मला सांगितलं होतं.

मी पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. एप्रिलचं ऊन अंगणातल्या मांडवातून खाली उतरत होतं. पांढऱ्या साड्यांमधल्या बायका ओळीने बसल्या होत्या, त्रिशरण-पंचशील सुरू व्हायचं होतं. मधोमध शैला. अंगावर निळा कोट, कडक इस्त्री केलेला, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सपाट, स्वच्छ निळा. एकही शिवण दिसत नव्हती. लाल दोरा कुठेच नव्हता.

मंगल माझ्याजवळ आली. तिचे डोळे आता सुजले होते. "ताई, पाहा, नीट घातला. बॅगेत उलटाच होता, मी सुलटा केला, इस्त्री केली." तिने इतक्या मायेने सांगितलं… मागे कोणीतरी ऑफिसातली बाई दुसरीला म्हणाली, "आज कशी चांगली दिसून राह्यली." मी तोंड उघडलं होतं. दोन बायका हाताशी घेतल्या असत्या तर पाच मिनिटांत झालं असतं. पण शंभर माणसं बसलेली, भाऊ भिंतीला टेकून रडतोय, आणि मी काय सांगणार, की मेलेल्या माणसाचा कोट काढा आणि उलटा करून घाला? मला लाज वाटली. बेल वाजली की जाकीट काढून ठेवणारी बाई मी. त्या दिवशीही तीच होते. सगळे उठले, मीही उठले. कोटासकट गेली ती. दुरुस्त करायला काही उरलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी स्वतःला समजावत राहिले. म्हटलं, तिच्या कलेचा अपमान झाला, तिची भूमिका पुसली गेली. मोठे मोठे शब्द मला लगेच सापडतात. ते घेऊन मी मे महिन्यात पुलगावला गेले. मंगलला दोष द्यायचा नव्हता, फक्त सांगायचं होतं.

मंगल चहा ठेवायला आत गेली. शैलाची आई पलंगावर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढे वय, डोळ्यांवर लेकीने केलेला तो चष्मा. बाहेर रणरणतं ऊन होतं, कूलर नुसता गरम वारा फेकत होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्या आपणहून म्हणाल्या, "लहानपणी उन्हाळ्यात तिले लय घामोळ्या येत. आंगभर. फराकाची शिवण रुते, तं रडून रडून घर डोक्यावर घे. मंग मी तिले फराक उलटा घालून देवो. शाळेतल्या बाई रागवत, पोट्टे हासत. पण तिले बरं वाटे. ते तसंच राह्यलं मंग तिचं."

मी ऐकत होते. पत्रकातली माझी सगळी वाक्यं मला आठवत होती आणि कुठे तोंड लपवावं कळत नव्हतं.

"त्या दिवशी कोट सुलटा होता," आई म्हणाल्या. "मले दिसला. पण तुमी शिकले-सवरले लोकं होते, मले वाटलं काई इचार करून घातला असंल." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "टोचलं नसंल ना वो बाई तिले?"

"नाही आई," मी घाईने म्हटलं. "आत साडी होती ना. साडी होती मधात."

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी. "हो, साडी होती." आणि मग पुन्हा, "पण हाताले? बाह्या तं लांब होत्या कोटाच्या."

आत कपांचा आवाज थांबला होता. मंगल दारात उभी होती. मी म्हटलं, "आई, तिनं मले सांगितलं होतं कसा घालायचा ते. मलेच. मी फोनवर सांगताना चुकली. आणि इथं आल्यावर दिसला, तरी मी बोलली नाई." एवढं बोलायला मला दीड महिना लागला होता.

 आईंनी माझा हात ओढून मांडीवर घेतला, माझ्या ब्लाउजची बाही कोपरावर सारली, आणि घामोळ्या आलेल्या पोरीच्या अंगावरून फिरवावा तसा आपला खरखरीत तळवा माझ्या दंडावरून हळूहळू फिरवत राहिल्या… चहा येऊन निवला तरी.