दिवेलागणीचं विरजण

आमच्या गल्लीत दिवे लागल्यावर कुणी कुणाला विरजण देत नाही. मीठही नाही. घरची लक्ष्मी उंबऱ्याबाहेर जाते म्हणतात. खानदेशातून सुरतेच्या डिंडोलीला येताना बायकांनी भांड्याकुंड्यांबरोबर हा नेमही आणला. पण इथे आल्यावर आम्ही त्याला एक काम लावलं. संध्याकाळी एखाद्या घरात मार सुरू झाला की शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, “इरजन शे का वं बाई?” भलत्या वेळी विरजण मागते, म्हणजे कशाला आली, ते आतलीला कळायचं. ती म्हणायची, “शे ना, ये.” मग आलेली बाई पाय पसरून बसायची. परक्या बाईसमोर पुरुषाचा हात खाली यायचा. तेवढ्यापुरता तरी.

मार कुठून निघतो तेही ठाऊक होतं. बमरोलीकडच्या कापड कारखान्यांत लाईट गेली की लूम बंद. मजुरी विणलेल्या मीटरवर, म्हणून कारीगर आधीच तापलेला. शेठ मास्तरला, म्हणजे लूमवरच्या मुकादमाला, आईवरून शिव्या द्यायचा, मास्तर कारीगराच्या कानाखाली वाजवायचा आणि कारीगर घरी यायचा. माझ्या नवऱ्याने एकदा माझं डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हा त्याच्या गालावर मास्तरची बोटं उठलेली होती. त्याच संध्याकाळी माझ्या हातातलं उलथनं मुलीच्या पाठीत बसलं, आणि तिने बाहेर जाऊन कुत्रीच्या पिल्लाला लाथ घातली.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. परीक्षेच्या आधी कॅलेंडरच्या मागे ठिपके काढून रेघांनी जोडत बसली होती. म्हणाली, “एका तारेवरचा भार दुसरीवर पडतो. ती जळली की तिसरीवर. सगळं शहर अंधारात जातं.”

“माणसांचंही तसंच असतं?”

“माणसांचं, मुंग्यांचं, रोगराईचं. सगळं जाळंच गं आई.”

मी तिला आपली गल्ली काढायला सांगितली. घर म्हणजे ठिपका. जिथून जिथे वाटी जाते तिथे रेघ. आमच्या शेजारचा ठिपका सुटा राहिला.

“इथे काही झालं तर कुणाला कळणारसुद्धा नाही,” ती म्हणाली.

“कळतं की. भिंत एकच आहे. रोज ऐकू येतं.”

“मग रेघ का नाही?”

मी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं.

त्या घरात विदर्भाकडचं जोडपं होतं. तो माझ्या नवऱ्याच्याच खात्यात लूम चालवायचा. ती नवीन होती. तिला कुणी विरजण दिलं नाही, तिनेही मागितलं नाही. डेअरीवरून पिशवीतलं दही आणायची. बायका हसायच्या, “पिशवीवाली आली.” मी हसायचे नाही, पण बोलायचेही नाही. मला दुकानात साखर मागतानासुद्धा जीभ अडखळते.

त्या दिवशी दुपारपासून लाईट जात-येत होती. दिवेलागणीला भिंतीपलीकडे पट्ट्याचा आवाज सुरू झाला. लूमचा जुना पट्टा होता, जाड रबराचा. ती आईला हाका मारत होती. मग पत्र्याच्या पेटीवर काहीतरी जोरात आदळलं आणि हाका थांबल्या. पट्टा थांबला नाही. तेव्हा मी उठले.

“बस खाली,” नवरा म्हणाला. “तुला घरात बोलता येत नाही, तिथे जाऊन काय बोलशील?”

मी वाटी घेतली.

दार उघडंच होतं. ती फरशीवर पडलेली होती. त्याने तिच्या केसांवर पाय दिला होता. कानातून रक्त निघून मानेखाली साचत होतं. एक डोळा सुजून मिटला होता. तो थांबला नाही तर ती आज रात्रीच मरेल, हे मला स्वच्छ दिसलं.

“विरजण आहे का?” मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाले.

तिने उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि फुटक्या ओठांनी म्हणाली, “आता नाई देत जी. दिवेलागण झाली.”

तिच्या गावीही तोच नेम होता. त्या नेमामागचं आमचं काम मात्र तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मरता मरता ती बिचारी लक्ष्मी सांभाळत होती.

तो हसला. “ऐकलं ना? निघ.”

पुढे काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं. असं आजवर कधी झालंच नव्हतं. मी उंबरा ओलांडला आणि तिच्याजवळ खाली बसले. म्हणाले, “मग सकाळी घेईन. तोवर बसते.”

पहिला पट्टा माझ्या मनगटावर बसला. वाटी हातातून उडाली, उंबऱ्यावर आपटली आणि खणखणत गल्लीत गेली. दुसरा मानेवर बसला. तिसऱ्याला मी डोळे मिटले. तेवढ्यात दारातून आवाज आला, “इरजन शे का वं बाई?” समोरची होती. तिच्यामागे कोपऱ्यावरची. मग बाकीच्या बायकांना मागे घेऊन गल्लीतली सगळ्यात तोंडाळ बाई, “आठलं दही भलतं गोड शे म्हणतस! आख्खी गल्ली उनी!”

त्याने पट्टा त्या तोंडाळ बाईवर उगारला. तिने हातातली पितळी वाटी त्याच्या कपाळावर हाणली. मग दुसरीने, मग तिसरीने. त्याच्या भुवईतून रक्ताची धार लागली, तो भिंतीला टेकून खाली आला, तरी वाट्या थांबेनात. तोही मार कुठून कुठून आलेला होता. मी उठले नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

ती वाचली. डावा कान गेला. पोलिसांत तक्रार झाल्यावर तो गावाकडे निघून गेला, ती इथेच राहिली, साड्यांचे दोरे कापते. दवाखान्यातून आली त्या सकाळी मी तिला वाटीभर विरजण दिलं आणि गल्लीत वाटी कशाला फिरते ते सांगितलं. बहिऱ्या कानामुळे मला ओरडून सांगावं लागलं. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते.

परवा पुन्हा लाईट गेली. नवरा घरी आला, ताट लाथाडलं, माझी वेणी हाताला गुंडाळली. दार वाजलं.

“विरजण आहे का जी, मावशी?” बहिरी माणसं बोलतात तशी ती ओरडली. चार घरांना ऐकू गेलं असेल.

नवऱ्याने वेणी सोडली नाही. मी मान वाकडी असतानाच म्हणाले, “आहे. आत ये.”

ती आली, सांडलेला भात बाजूला सारला आणि पाय पसरून बसली.