सासूबाईंचे छोटे श्वास

व्हेंटिलेटरवर असलेल्या सासूबाईंची हवा वाढवा, असं मी डॉक्टरांना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, वाद घातला.

माझी पात्रता एवढीच की हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मी स्प्रे पेंटिंगचं काम बघतो आणि तिथे कॉम्प्रेसर आहे. प्रेशर कमी पडलं की रंग नीट बसत नाही, मग आम्ही प्रेशर वाढवतो. माझं विज्ञान यापुढे गेलेलं नाही. पण उत्तनला सासरवाडीत जावई म्हणजे जाणकार, हा समज मी लग्नापासून कधी मोडू दिला नाही. त्यामुळे न्युमोनिया होऊन सासूबाईंना मशीनवर ठेवावं लागलं, तेव्हा मेहुणा म्हणाला, "भावोजी, डॉक्टरशी तुमीच बोला."

बोललो. "मॅडम, श्वास फार लहान चाललेत. छाती हलताना पण दिसत नाही. एवढं मोठं मशीन, मग कंजुषी कशाला?"

आयसीयूच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, त्यांच्या फुप्फुसाचा बराच भाग पाण्याने भरून बंद पडलाय. उघडा राहिलाय तो थोडा. मोठा श्वास ढकलला तर सगळी हवा त्या थोड्या भागातच घुसणार, आणि तो नको इतका ताणणार."

"मग काय, फुटेल?"

"फुटेलच असं नाही. बारीक जखमा होतात. शरीराच्या पहारेकरी पेशी जखम बघतात, ती कशाने झाली ते विचारत बसत नाहीत. जंतूंवर धावावं तशा धावून येतात. सूज वाढते, आणखी पाणी झिरपतं, ती गडबड रक्तातून किडनीपर्यंतही पोचू शकते. मशीनने जीव वाचतो, काका, पण हात राखून वापरलं तर."

मला सगळं समजलं. कबूल करता आलं नाही, कारण मेहुणा मागेच उभा होता. बाहेर येऊन मी जाहीर केलं, "यांना जमत नाहीये. आईंना दुसरीकडे हलवू." मेहुणा लगेच अँब्युलन्सला फोन लावायला लागला.

बायकोने त्याच्या हातातून मोबाइलच काढून घेतला. "वाटेत मशीन बंद पडलं तर? हे फुंकणार काय?" मग ती स्वतः आत जाऊन विचारून आली. या अवस्थेत हलवणं जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. माझी डॉक्टरांशी बोलण्याची जबाबदारी तिथेच काढून घेण्यात आली.

सासूबाई तिथेच राहिल्या. त्यांना पालथं झोपवायचे, पुन्हा सरळ करायचे, श्वास मात्र तसेच, मोजूनमापून. मी भेटायच्या वेळेत पायाशी उभा राहून हात पाठीमागे बांधून ठेवायचो, कुठलं बटण दाबू नये म्हणून. हळूहळू फुप्फुसं मोकळी होत गेली, मशीनचा आधार कमी होत गेला, आणि एका सकाळी नळी काढली.

घसा सुजलाय, फार बोलायचं नाही, असं सिस्टरने बजावलं होतं. बायकोने आईचे केस सारखे करता करता माझा सगळा पराक्रम सांगून टाकला. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग डोळे उघडून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, दम घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या,

"न्युमोनिया परवडला. ह्याची अक्कल न्हाय परवडत."