गाजराला लागलेला पाला

वारूळवाडीला मामांची द्राक्षबाग होती. ते घड संजीवकाच्या, म्हणजे वाढीच्या औषधाच्या, पाण्यात बुडवत आणि मणी टपोरे होत. मी तेव्हा कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. माझ्याआधी घरात कुणी दहावीपुढे गेलेलं नव्हतं. धाकटी बहीण बारावीला होती, तिलाही पुढे शिकायचं होतं. वडील म्हणाले, "आधी तुझं कॉलेज रानात दिसू दे. मंग हिचं बघू."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी खोडदच्या आमच्या गाजराच्या तुकड्यावर तेच संजीवक मारायचं ठरवलं. मणी फुगतो तर गाजरही फुगेल, असं मला वाटलं. सरांना विचारायला हवं होतं, पण वर्गात तोंड उघडायची मला भीती वाटे. मामांकडून उरलेली पुडी आणली, स्पिरिटात विरघळवली. बहिणीने पंपात पाणी ओतता ओतता विचारलं, "दादा, नक्की ना?"

वडील शेजारीच उभे होते. "नक्की," मी म्हणालो.

पंधरा दिवसांत पाला गुडघ्याला लागला. वडील येणाऱ्याजाणाऱ्याला बांधावर थांबवून सांगायचे, "पोराचं औषध हाय."

मी कॉलेजात परतलो आणि पुढच्याच आठवड्यात सरांनी संजीवकांचाच धडा घेतला. हे संजीवक पाला आणि दांडा वाढवतं. गाजराला पाल्याची वाढ रोखणारं, वेगळंच लागतं. मी ते नीट उतरवून घेतलं. घरी मात्र कळवलं नाही.

काढणीला गेलो तर गाजरं करंगळीएवढी, शेपटीसारखी. कितीतरी झाडांना फुलाचे दांडे आलेले. शेजारचे काका बांधावरून ओरडले, "राव, कोथिंबीर लई जोमात हाय!" सगळे हसले, वडीलही हसले. मग त्यांनी सगळं उपटून गुरांपुढे टाकलं.

बहीण चांगल्या मार्कांनी पास झाली. मी पुण्याहून तिच्यासाठी प्रवेशाचा अर्ज आणला. जेवताना वडील शांतपणे म्हणाले, "एकाला शिकवलं, तेवढं लई झालं. शिकून काय व्हतं, ते बघितलं आमी."

चूक शिकण्याची नव्हती. न विचारण्याची होती, आणि ती माझी होती. मी वडिलांना एवढंच सांगायला हवं होतं. बहीण भाकरी वाढता वाढता थांबली, माझ्याकडे बघत राहिली. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

त्याच वर्षी आंबेगावकडच्या एका गावात तिचं लग्न झालं.