मागं राहिलेली पात

ताडकळसजवळच्या आमच्या गावात खुरपणीला जाणारी सात बायकांची टोळी आहे. मी शाळेत शिकवते, म्हणून शहरातून आलेल्या एका ॲप कंपनीच्या चुणचुणीत साहेबानं मलाच गाठलं. गावातल्या शिकलेल्यांनी कष्टकऱ्यांची माहिती ॲपमध्ये भरायची, शेतकऱ्यांनी तिथूनच माणसं बोलवायची, अशी त्याची योजना. मला ती पटली. ओट्यावर बसून मी सातही जणींचे फोटो, वय, अनुभव भरला. टोळी म्हणून नोंद करायची सोयच नव्हती. एकेकीलाच भरावं लागलं. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

कारण टोळीची रीत वेगळी. जिची पात, म्हणजे खुरपायला वाट्याला आलेली ओळ, मागं राहते, तिच्याकडं आपली पात संपवून दोघी परत येतात आणि समोरून तिची पात खुरपत आणतात. सगळ्यात थोरल्या काकूंची पात रोज अशीच पुरी होते. पण सोयाबीनमधला तुरीचा कोंब कुठला आणि तण कुठलं, हे बाकीच्या त्यांनाच विचारतात.

पहिल्याच शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून मोबाइलवर तारे दिले. सहा जणींना पाच-पाच, काकूंना एक. का, तर त्या मागं होत्या! अहो, कुणीतरी मागं राहणारच, त्यासाठीच तर टोळी असते. पण त्या बहाद्दराला सांगणार कोण? पुढचं बोलावणं सहाच जणींना आलं. टोळीची मुकादमीण म्हणाली, "तिला सोडून आमी न्हाई जात." दोनदा गेल्या नाहीत. तिसऱ्यांदा गेल्या. हंगाम किती दिवस थांबणार? त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

साहेबाला फोन केला. "मॅडम, आमची सिस्टीम सगळ्यांना सारखंच वागवते," म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सारखंच! या माणसानं उभ्या जन्मात एक पात धरली नसेल. आणि माहिती भरणारी मी, माझं तरी डोकं कुठं गेलं होतं?

परवा सकाळी काकू खुरपं घेऊन दारात आल्या.

"बाई, त्यात माझं वय तुमीच लिवलं न्हवं? धा सालं कमी करता येत्यात का बघा की."

 उत्तराची वाट न बघता त्या माझ्या अंगणात खाली बसल्या आणि गवत काढायला लागल्या. भराभर, धाप लागेपर्यंत.

"काढा फोटू. बघू द्या त्यास्नी."

मी हात धरून उठवायला गेले, तर त्यांनी हात सोडवून घेतला. म्हणाल्या, "थांबा, अजून लय ऱ्हायलंय."