पाच घरची भाकरी

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई मालनबाई, बिडकीन सोडून शहरात आल्या तेव्हा साठी ओलांडली होती. शेत औद्योगिक वसाहतीत गेलं आणि आम्ही विद्यापीठाच्या खालच्या अंगाला एका गल्लीत दोन मजली घर घेतलं. शेत गेलं त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. गाव सुटलं हे मात्र त्यांनी मानलंच नाही. आल्या दिवसापासून त्या गल्लीशी गावासारख्या वागायला लागल्या. कुणाच्या घरात बाळंतीण आली की डिंकाचे लाडू घेऊन जायच्या. कुणाचं माणूस गेलं की भाकरी.

ही भाकरीची गोष्ट सांगायला पाहिजे. बिडकीनला आमच्या आळीत रीत होती. मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या पाच घरांनी एकेक भाकरी द्यायची, ती एका ताटात ठेवायची, बाजूला पिठलं, आणि घरच्या माणसाला पहिला घास हातानं भरवायचा. त्याला कडू घास म्हणतात. आत्याबाई म्हणायच्या, "एका घरची नेली तर जेवन झालं. पाच घरची नेली तर त्या मानसाला कळतं, आपन एकटं नाय." समोरच्या मुकुंदरावांची आई गेली तेव्हा त्याच दारोदार फिरल्या आणि पाच घरची भाकरी गोळा केली. कलेक्टर ऑफिसातून रिटायर झालेला माणूस, पण त्या दिवशी ताट पाहून लहान लेकरासारखा रडला.

वरच्या मजल्यावर आम्ही विद्यापीठातल्या पोरांना ठेवायचो. त्यातला नबील आमच्याकडं सगळ्यांत जास्त राहिला. येमेन देशातला, तइझ नावाच्या गावचा, पिकांवरच्या किडींवर पीएचडी करत होता. हिंदी आपल्या शहरातलीच शिकला होता, "मेरेकू", "तेरेकू" करत बोलायचा. आत्याबाईंना अम्मा म्हणायचा. दुष्काळाची वर्षं होती. नळ कधी येईल ते देवाला ठाऊक. कोपऱ्यावर टँकर लागला की नबील आमचे ड्रम भरायचा आणि मुकुंदरावांची कंबर धरलेली, म्हणून सरोजिनीबाईंचेही भरून द्यायचा. सरोजिनीबाई म्हणजे त्यांची बायको. "गुणी आहे हो पोरगा," त्या म्हणायच्या.

दोन हजार पंधराच्या मार्चमध्ये सौदीची विमानं येमेनवर बॉम्ब टाकायला लागली. नबील खाली आमच्या टीव्हीपुढं येऊन बसला. त्याच्या देशात आधीच आपापसात लढाई चालू होती, त्यात हे शेजारी घुसले, असं त्यानं सांगितलं.

"सौदी म्हंजे बांधाला बांध लागून?" आत्याबाईंनी विचारलं.

"हां अम्मा. बॉर्डर एकच है."

"मग बाकीचे देश काय म्हनले?"

नबील हसला. "कोई बोला, अच्छा किया. कोई बोला, हमको बहुत चिंता है. कोई बोला, दोनों तरफ के लोग सबर रखो."

"आन मग?"

"मग काय नाय, अम्मा," तो मराठीत म्हणाला.

आपल्या सरकारनं जहाजं आणि विमानं पाठवली आणि आपली माणसं बाहेर काढली. त्यात मुकुंदरावांचा मुलगा हिमांशू होता. एडनच्या एका दवाखान्यात मशिनी दुरुस्त करायचा. तो आला त्या दिवशी गल्लीत ढोल वाजला, सरोजिनीबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. नबील जिन्यात उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी खालून पाहिलं आणि मला कसंसंच झालं. हिमांशू सुटला याचा आनंद खरा होता. पण ज्या देशातून तो सुटला, तिथं याची आई होती.

ती श्रावणात गेली. बाजाराजवळ घर होतं, त्यावर बॉम्ब पडला. सकाळी नबीलला भावाचा फोन आला. विमानतळ बंद, जायला वाट नाही. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता, फोन हातात तसाच. आत्याबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी झाडू टाकला आणि त्याच्याजवळ बसल्या.

मग आत येऊन मला म्हणाल्या, "वर गॅस पेटवू देऊ नको त्याला. ताट काढ, आपल्याला भाकऱ्या आनायच्यात."

माझे यजमान रामकिसन कंपनीत जायची तयारी करत होते. ते म्हणाले, "आई, तो भाडेकरू आहे. त्यांचा धर्म वेगळा. हे कशाला?"

"आई मेलीय त्याची. भाडं मेलं का?"

मी ताट घेऊन त्यांच्यामागं निघाले. पहिल्यांदा मुकुंदरावांकडं. ते पेपर वाचत होते. ऐकून त्यांनी चष्मा काढला. "फार वाईट झालं, मालनबाई. अतिशय वाईट. पण हा त्यांचा आपसातला मामला. आपण कुणाची बाजू घेतोय असं दिसायला नको."

"मी कुठं बाजू घेऊन आले? भाकरी मागाया आले."

सरोजिनीबाई दारामागून म्हणाल्या, "हिमांशूला दम्मामला नोकरी लागतीये हो. सौदीतच. व्हिसाचं चाललंय. उगाच कुठं कुणी फोटो टाकला, काही लिहिलं... समजून घ्या ना. शिवाय श्रावण."

दुसरं घर द्वारकाबाईंचं. त्या म्हणाल्या, "मी देते की. पण आधी कुणाकुणाची झाली?" आमचं ताट रिकामं. "मग चार घरची घेऊन या, पाचवी माझी," म्हणाल्या आणि दार लोटलं. तिसऱ्या घरातली सून म्हणाली, सासरे आले की विचारते. सासरे ओट्यावरच दाढी करत बसलेले.

शेवटी कडुबा. देवगाव रंगारीचा, टँकरचा धंदा, गणपती मंडळाचा अध्यक्ष. "मावशी, तुमचं मन लई मोठं हाय. पण मंडळाची पोरं काय म्हनतील? मी एकट्यानं कसं ठरवू? मीटिंग घ्यावी लागंल."

"कधी घेतो?"

"घेऊ की. गनपती झाल्यावर."

आम्ही परत आलो. आत्याबाईंनी ताट ओट्यावर ठेवलं आणि परातीत पीठ घेतलं. एक भाकरी ज्वारीची थापली. एक बाजरीची. मग गव्हाची कणीक भिजवायला सांगितली आणि विचारलं, "सरोजिनीबाई पोळीला तेल लावून घडी घालत्यात ना?" तेव्हा मला कळलं. द्वारकाबाईंची भाकरी जाड असते, ती त्यांनी जाड केली. कडुबाच्या घरी बाजरीत तीळ लावतात, ते तीळ मी काढून दिले.

यजमान दारात उभे होते. "आई, हे खोटं आहे."

"व्हय, खोटं हाय. तू चार घरून खरं आन. हे गाईला घालते."

ते पायात बूट घालून कामावर गेले.

वर गेलो तेव्हा नबील नमाज पढून बसला होता. आत्याबाईंनी ताट समोर ठेवलं आणि रीत सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. तो ऐकत राहिला. म्हणाला, "हमारे यहाँ भी ऐसाच है, अम्मा. जिसके घर में मौत, उसके घर पड़ोसी खाना भेजते." मग एकेका भाकरीला बोट लावून विचारायला लागला, ही कुणाची, ही कुणाची. आत्याबाई सांगत गेल्या. ही मुकुंदरावांची. ही द्वारकाबाईंची. आवाज जरासुद्धा हलला नाही. पाच भाकऱ्यांचे पाच तुकडे त्यांनी त्याला भरवले. प्रत्येक तुकड्याला तो डोळे मिटून पुटपुटत होता, बहुतेक त्या घरासाठी दुवा मागत असेल.

संध्याकाळी मी देवापाशी दक्षिणेकडं वात करून एक दिवा जास्त लावला. त्या बाईचं नाव मला ठाऊक नव्हतं. देवाला असेल.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते आमच्या दोघींच्या डोक्यात आलंच नव्हतं. नबील आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खाली उतरला आणि दारोदार आभार मानायला निघाला. आत्याबाई ओट्यावर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागं.

मुकुंदरावांनी बायकोकडं पाहिलं, बायकोनं त्यांच्याकडं. मग ते म्हणाले, "अरे, उसमें क्या है. आखिर पड़ोसी हैं." सरोजिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "माँ तो माँ होती है, बेटा." कडुबानं त्याच्या खांद्यावर हात टाकला, "अपनी गल्ली ऐसीच है भाई." द्वारकाबाईंनी तर विचारलं, "गरम थी ना?"

आत्याबाई आत आल्या आणि माठातलं पाणी प्यायल्या. मी म्हणाले, "तुम्ही बोलायचं होतं."

"बोलले आस्ते तर त्याच्या पोटातला घास काढून घेतल्यावानी झालं आस्तं. त्यांनी वळखलं ना, भाकरी मीच केल्या ते. म्हनून तर घेतलं मानून."

गणपतीत कडुबानं माइकवर जाहीर केलं की परदेशी विद्यार्थ्याच्या दुःखात आपल्या गल्लीनं पाच घरची भाकरी दिली, अशी माणुसकी कुठं बघायला मिळत नाही, आणि गल्लीच्या वतीनं मालनबाईंचा सत्कार. शाल, श्रीफळ. दोन शब्द बोला म्हणाले. मुकुंदराव खाली बघत होते, द्वारकाबाई बांगडी फिरवत होत्या. नबील मागच्या रांगेत खुर्चीवर उभा राहून मोबाइलवर फोटो काढत होता.

आत्याबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "समद्यांनी दिली," त्या म्हणाल्या. "माझ्या एकटीच्यानं झालं नसतं."

टाळ्या खूप झाल्या. ज्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला त्यांच्या जास्त.

नंतर गल्लीत मयती झाल्या. आत्याबाई जायच्या, बसायच्या, वाईट झालं म्हणायच्या आणि उठून यायच्या. भाकरी मागायला पुन्हा कुणाच्या दारात गेल्या नाहीत. हिमांशू दम्मामला गेला. नबीलची पीएचडी झाली, तो घरी जाऊ शकला नाही, मलेशियाला गेला. आत्याबाई आता थकल्यात, ऐकू कमी येतं. तरी ईदला त्याचा फोन येतो आणि तो एकेकाचं नाव घेऊन विचारतो. मुकुंद अंकल कैसे हैं, द्वारका आंटी कैसी हैं, कडुबा भाई. उनका नमक खाया है अम्मा, मेरा सलाम बोलना.

"सांगते बाबा," आत्याबाई म्हणतात. "समदे तुझी याद काढत्यात."

मग फोन माझ्या हातात देतात आणि भिंतीकडं तोंड करून पडतात.