गाडी हलवू नका

त्या सकाळी महागावहून निघताना माझी झोप झालेली नव्हती, तरी गाणं म्हणावंसं वाटत होतं. जीपच्या मागे आम्ही बनवलेली यंत्राची पेटी बोल्टांनी घट्ट बसवली होती. उपग्रहाची मदत न घेता, फक्त बसलेले धक्के आणि वळणं मोजून ती आपण कुठे आहोत ते सांगायची. लढाईत उपग्रहाचा संदेश बंद पडला तरी तोफखान्याला आपली जागा कळावी, यासाठी हा खटाटोप. चाचणीला माझा यवतमाळ जिल्हा मीच सुचवला होता. इथले खड्डे कोणाचीही खोड जिरवतात. आधीच्या फेऱ्या फसल्या होत्या. ही शेवटची. फसली तर पेटी कपाटात जाणार आणि आमचं काम बंद, हे सोबतच्या तोफखान्याच्या मेजरसाहेबांनी चहा पितानाच सांगून टाकलं होतं.

पेटीचे नखरे फार. थोड्या थोड्या वेळाने गाडी थांबवून तिला सांगावं लागे की बाई, आता आपण स्थिर आहोत. तेवढ्यात ती आपल्या चुका पुसून घेई. त्या वेळी गाडी हलली, की पुढचा सगळा हिशेब बोंबलला.

फुलसावंगीच्या रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, खरेदी रेंगाळायची, माणसं बैल सोडून कडेला बसून असायची. आम्ही त्यांच्याजवळच थांबलो. इंजिन बंद केलं. मी पडद्यावर डोळे लावले आणि आकडे एकदम उड्या मारायला लागले. मागे पाहते तर पाच-सहा जण जीपला खांदा लावून ढकलत होते!

आमच्याकडे रस्त्यात गाडी बंद दिसली की कोणी विचारत बसत नाही, सरळ धक्का देतात.

"हात काढा!" मी किंचाळले.

"काहून वो ताई? बंद पडली न गाडी?" फेटा बांधलेला एक म्हातारा गोंधळून म्हणाला.

"पडली नाही, मुद्दाम केली!"

"चांगली गाडी बंद कायले करता मंग?"

साहेब म्हणाले, "खतम. वापस चलो."

माझं डोकंच फिरलं. हा थांबा रद्द करून लगेच दुसरा, लांबलचक थांबा घेऊ, चूक वाढायच्या आत सापडेल, असं मी त्यांना जवळजवळ भांडून पटवलं. पण माळावर वारा सुटला होता. जीपचं कापडी छत फडफडत होतं आणि सगळी गाडी झुलत होती.

"बाबा, गाडीले वारा लागू द्यायचा नाही," मी म्हाताऱ्याला म्हटलं. "जराही हालली नाही पाहिजे."

"येवढंच न? मंग आधी काहून नाही सांगतलं?"

त्यानं हाळी दिली. जवळच्या बंजारा तांड्यातली माणसं आपसांत त्यांच्या गोरबोलीत ओरडत उठली, बैल जुंपले गेले आणि कापसाने शिगोशीग भरलेल्या उंच गाड्या वाऱ्याच्या बाजूने आडव्या उभ्या राहिल्या. छत शांत झालं. म्हाताऱ्याने सगळ्यांना खाली बसवलं. एकाने तर बैलाच्या गळ्यातली घंटा मुठीत धरून ठेवली. आकडे हळूहळू स्थिरावले. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

फेरी संपायची होती टेकडीवरच्या मोजणीच्या दगडापाशी. त्याच्या जागेचे नेमके आकडे फक्त साहेबांना ठाऊक होते. पेटीने आपली जागा सांगितली, साहेबांनी ताडून पाहिली. फरक माझे दोन्ही हात पसरून दाखवता येईल एवढाच! मी दगडाभोवती उड्या मारल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवतच सुटला.

साहेबांनी पडद्यावरचे आकडे वहीत उतरवून घेतले. मग म्हणाले, "मॅडम, हमारा गोला अपने ही लड़कों के सर के ऊपर से जाता है. अब मैं इसके भरोसे चलाऊँगा."

मी दगडावर बसले.

"साहेब," मी म्हणाले, "एकदा परत मोजू या."