फ्लँजचा प्रोग्राम द्यायचा कसा

नव्वदच्या दशकात बोईसरच्या क्लासात मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकवायचे. पाइप जोडायच्या कड्याचं, म्हणजे फ्लँजचं, ड्रॉइंग आपोआप काढणारा एक प्रोग्राम मी लिस्प या कंसांनी भरलेल्या कॉम्प्युटरच्या भाषेत चाचपडत लिहिला होता. कारखान्यांतली मुलं तो मागायची. द्यावासा वाटे हो, पण उद्या कुणी कुलूपबंद करून विकला, तर माझाच प्रोग्राम वापरायची मलाच बंदी!

एकदा प्रिंटर दुरुस्त करायला एक माणूस आला. पडद्यावर माझा प्रोग्राम दिसताच काचेवर टिचक्या मारत कंस मोजू लागला.

"ताई, शेवटचे कंस मोजून लावले का?"

"कुठलं! चालेपर्यंत एकेक लावत गेले."

तो पोट धरून हसला. एवढा मोकळा माणूस बघून मी मनातली भीती बोलून टाकली.

"प्रोग्रामच्या वरच लिवा की," तो म्हणाला, "कुणीबी घ्या, बदला, पण पुढच्याला तशीच मोकळीक द्या. आमची विहीर गावाला उघडी हाय. पाणी न्या, कुंपण घालायचं नाय."

"आणि घातलंच तर?"

"तर पाणी नेणारे सगळे भांडतील. तुमी एकट्या नाय."

केवढं हलकं वाटलं मला! त्याच्यासमोरच त्या ओळी लिहिल्या. संध्याकाळी एका मुलाच्या हातात प्रोग्रामची फ्लॉपी ठेवली आणि म्हटलं, "आणखी कुणी मागितली तर मला विचारत बसू नकोस, देऊन टाक."